टॅग, टॅग-अप आणि आपला खो

मंडळी, बेसबॉल अवघड नाही. त्यातले धावण्याचे शब्द आपण चुकीच्या खेळाच्या मदतीने समजावून घेतो, असं माझं मत आहे. कोणी 'फोर्स आउट' म्हटलं की आपण क्रिकेटवाले 'म्हणजे धावचीत' म्हणून मोकळे होतो. 'टॅग आउट'? तेही धावचीतच! मग गोंधळ होणार नाही तर काय?

आता 'टॅग'च घ्या. चाकणला आमच्या शॉपवर टॅग म्हणजे खराब पार्टला लावायची लाल चिठ्ठी. बेसबॉलमध्ये हातातल्या चेंडूने पळणाऱ्याला शिवलं की 'टॅग'. पण 'टॅग-अप' म्हणजे, उंच चेंडूचा झेल जाईपर्यंत पळणाऱ्याने आपल्याच बेसला पाय लावून थांबायचं आणि मग सुटायचं. पहिल्यात शिवणारा क्षेत्ररक्षक, दुसऱ्यात पळणारा स्वतः.

'फोर्स'साठी मात्र खो-खोच हवा. मागून खो मिळाला की बसलेल्याला उठावंच लागतं ना? तसंच इथे. एका बेसवर दोघांना थांबता येत नाही. चेंडू जमिनीवर मारून फलंदाज पहिल्या बेसकडे निघाला की तिथल्या गड्याला जागा सोडावीच लागते. म्हणून त्याला शिवायची गरज नसते. क्षेत्ररक्षकाने चेंडू घेऊन पुढच्या बेसला आधी पाय लावला की गडी बाद. फलंदाजच आधी बाद झाला तर खो संपला, मग शिवावंच लागतं. आणि 'बेस चोरणे' म्हणजे कोणाचाही खो नसताना, चेंडूफेक चालू असताना स्वतःच्या हिमतीवर पळणं. फरक एकच : खो-खोत पळणारा बचाव करतो, इथे धाव तोच मिळवतो.

हे सगळं का लिहितोय? अमेरिकेतला माझा भाचा बेसबॉल खेळतो. दर रविवारी फोनवर तो भरभरून सांगायचा आणि चिंचवडहून आजी फक्त "जेवलास का?" विचारायची. ती शाळेत खो-खो खेळलेली. खोची गोष्ट सांगितल्यावर पुढच्या रविवारी तिने विचारलं, "तू बाद झालास तेव्हा मागून खो होता की उगाच पळालास?" तो आधी गप्प, मग खो-खो हसला. त्या दिवशी दोघं अर्धा तास बोलत होते.

तेव्हा परदेशातल्या भावंडांनो, घरी फोन कराल तेव्हा 'धावचीत' विसरा. आजी-आजोबांशी खोच्या भाषेत बोलून बघा, आणि काय झालं ते कळवा.