आकड्यांपुढचे दिवे

रक्तदाब, साखर, वजन यांच्या नोंदी ठेवण्याची सवय आपल्याकडे नवी नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, रक्तदाबाचे आकडे लिहिणारी घरे असंख्य आहेत. लिहिणे सोपे असते. साठलेले वाचणे कठीण. रोज दोनदा मोजले तर तीन महिन्यांत दीडशेहून अधिक नोंदी होतात आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर त्यांतली काळजीची कोणती, नित्याची कोणती, हे चटकन सापडत नाही. एक्सेलसारख्या संगणकीय तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे हिरवे, पिवळे किंवा तांबडे चिन्ह आपोआप उमटवण्याची सोय २००७ च्या आवृत्तीपासून आहे. शुश्रूषा करणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. मात्र नीट बसवली नाही, तर तीच दिशाभूलही करते.

तक्ता कसा आखावा

तारीख, वेळ, वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब, नाडी आणि शेरा असे सहा रकाने पुरेत. ‘१३८/८४’ असे एकाच घरात लिहू नये. वरचा व खालचा आकडा स्वतंत्र रकान्यांत असावा. आकड्यापुढे ‘मिग्रॅ’सारखी अक्षरेही लिहू नयेत. संगणक अशा नोंदीला आकडा न मानता मजकूर मानतो आणि तिथे चिन्ह उमटत नाही. मोजायचे राहिले तर घर रिकामे ठेवावे. शून्य लिहिले तर ते खरे मोजमाप समजले जाऊन सरासरी बिघडते.

नोंद खरी हवी, तर मोजणेही शिस्तीत हवे. मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही नोंदी ठेवाव्यात.

संगणक मनाने ठरवतो तेव्हा

रकाना निवडून ‘होम’मधील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ आणि त्यातील ‘आयकॉन सेट्स’ निवडले की चिन्हे लगेच उमटतात. बहुतेक जण येथेच थांबतात, आणि खरा धोका येथेच आहे.

समजा, एका आठवड्यातील वरचे रक्तदाब असे आहेत: १४८, १५२, १५६, १५०, १६४, १७२, १६८. घरी मोजलेल्या रक्तदाबासाठी १३५/८५ ही मर्यादा अनेक वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत धरली जाते. म्हणजे हे सातही आकडे चढेच आहेत. पण संगणकाला वैद्यक ठाऊक नसते. तो दिलेल्या आकड्यांतील सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा घेऊन मधल्या अंतराचे ३३ आणि ६७ टक्क्यांवर तीन भाग पाडतो. शिवाय मोठा आकडा म्हणजे चांगला, असे तो गृहीत धरतो. परिणामी १७२ पुढे हिरवे चिन्ह येते आणि १४८ पुढे तांबडे! ‘रिव्हर्स आयकॉन ऑर्डर’ने क्रम उलटवला, तरी १४८, १५० व १५२ हिरवे दिसतात. आठवड्यातले तीन दिवस उत्तम गेले, असा समज घरात पसरतो आणि डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर पडते.

मर्यादा आपण सांगावी

यासाठी ‘मॅनेज रूल्स’मध्ये जाऊन तो नियम संपादित करावा. प्रत्येक चिन्हापुढील ‘टाइप’ या चौकटीतील ‘पर्सेंट’ बदलून ‘नंबर’ करावे आणि मर्यादेचे आकडे स्वतः भरावेत. हे आकडे शेजाऱ्यांच्या तक्त्यातून घेऊ नयेत. ते आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावेत. ऐंशीच्या घरातील, उठताना चक्कर येणाऱ्या आजींची मर्यादा आणि साठीतल्या धडधाकट काकांची मर्यादा सारखी असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराच्या बाबतीत दोन्ही टोके वाईट असतात. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे वृद्धांसाठी विशेष धोक्याचे असते. तोल जातो, माणूस पडतो, गोंधळतो. एक्सेलच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांत प्रत्येक पायरीचे चिन्ह स्वतंत्रपणे निवडता येते. म्हणून साखरेच्या रकान्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे पिवळे, ७० ते त्या मर्यादेपर्यंत हिरवे आणि ७० च्या खाली तांबडे अशी मांडणी करावी. रक्तदाबासाठी चार चिन्हांचा संच घेऊन दोन्ही टोकांना तांबडे ठेवता येते.

गूगल शीट्समध्ये तयार चिन्हसंच नाहीत. मात्र घरांना रंग देण्याचे नियम तिथेही आकड्यांवर बसवता येतात. विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये चिन्हे आहेत.

वृद्धांच्या डोळ्यांचा विचार

मोतीबिंदूमुळे रंग फिके दिसतात. काही पुरुषांना तांबडा-हिरवा भेद जन्मतःच कळत नाही. त्यामुळे तीन रंगांची एकसारखी गोल चिन्हे टाळावीत. हिरवे वर्तुळ, पिवळा त्रिकोण आणि तांबडा चौकट-आकार असा संच उपलब्ध आहे. रंग ओळखू आला नाही तरी आकार सांगतो, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईतही अर्थ टिकतो. अक्षरे मोठी ठेवावीत आणि आकडा लपवून केवळ चिन्ह दाखवणारा पर्याय घेऊ नये. डॉक्टरांना आकडाच हवा असतो.

तांबडे चिन्ह दिसले तर

एका चिन्हावरून गोळी वाढवू, कमी करू किंवा बंद करू नये. शांत बसून पुन्हा मोजावे आणि शेऱ्यात कारण लिहावे: रात्री झोप नाही, गोळी विसरली, गुडघा दुखत होता. पण रक्तदाब १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काही असेल, तर तक्ता बाजूला ठेवून १०८ ला दूरध्वनी करावा. ही लक्षणे असतील, तर रक्तदाबाचा आकडा कमी असला तरी थांबू नये. साखर उतरली असेल आणि व्यक्ती शुद्धीवर, गिळू शकणारी असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये.

हा तक्ता आज पुण्यातल्या वडिलांच्या घरून परदेशातल्या मुलीलाही क्षणात पाहता येतो. तो कोणी पाहावा, हे मात्र ज्यांचे आकडे आहेत त्यांना विचारून ठरवावे. दर तांबड्या चिन्हामागे दूरध्वनी येऊ लागला, तर वृद्ध माणसे धास्तावतात, पुन्हा पुन्हा मोजतात, किंवा आकडा लपवूही लागतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून दोघांनी मिळून तक्ता पाहावा. शेऱ्याचा रकाना आधी वाचावा, चिन्हे नंतर. तपासणीच्या आदल्या दिवशी शेवटच्या सात दिवसांचे पान छापून औषधांच्या चिठ्ठीसोबत पिशवीत ठेवावे.