जुना संगणक भंगारात देण्याआधी



संगणक कक्षाच्या कोपऱ्यातला तो पिवळट पडलेला संगणक भंगारात द्यावा, असा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीपुढे आहे. जागा अडते, विजेचे बिल येते, हे मला मान्य आहे. तरीही तो या वर्षी देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यात १९९० नंतरच्या काही वर्षांच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका आणि मुलांचे लेख आहेत, सगळे मराठीत. त्या काळी डॉसवर देवनागरी उमटवायला पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड लावत. अक्षरे ‘इस्की’ या सांकेतिक पद्धतीने साठवली जात. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. आजचे संगणक युनिकोडवर चालतात. त्यांच्यावर ही फाइल उघडली की नुसत्या खुणा दिसतात, आणि ते कार्ड आजच्या मदरबोर्डवर बसतच नाही.

या यंत्रात दोन प्रणाली आहेत, एमएस-डॉस ६.२२ आणि विंडोज एक्सपी. चालू करताना कोणती हवी ते विचारले जाते. ३० सेकंदांत उत्तर दिले नाही तर एक्सपी सुरू होते. डॉसमध्ये मराठी वाचता येते, पण पेन ड्राइव्ह ओळखला जात नाही. एक्सपीत पेन ड्राइव्ह चालतो, पण मराठी वाचता येत नाही. म्हणून दोन्ही हव्यात. ज्याने हे बसवले त्याने आधी डॉस आणि मग एक्सपी असा क्रम पाळला. उलट केले असते तर डॉसने एक्सपीची सुरुवातच पुसली असती. (हे यंत्र इंटरनेटला मात्र जोडायचे नाही. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती २०१४ मध्येच थांबली.)

“एकदा सगळे कॉपी करा आणि मोकळे व्हा,” असे एक विश्वस्त म्हणाले. मीही एकदा असाच मोकळा झालो होतो. निकालाची डिरेक्टरी ‘कॉपी’ आज्ञेने दुसऱ्या डिस्कवर घेतली, पडद्यावर “इतक्या फायली कॉपी झाल्या” असे आले आणि मी जुनी डिस्क पुसली. ‘कॉपी’ फक्त समोरच्या डिरेक्टरीतल्या फायली उचलते, आतल्या उपडिरेक्टऱ्यांकडे पाहतही नाही. प्रत्येक वर्षाचा निकाल अशाच एका उपडिरेक्टरीत होता. लिपिकांना रजिस्टर काढून सारे पुन्हा टाइप करावे लागले. यंत्र खोटे बोलले नव्हते, मीच अर्धवट विचारले होते.

त्यासाठी ‘एक्सकॉपी’ आहे, १९८६ च्या डॉस ३.२ पासून. तिला स्लॅश एस जोडले तर आतल्या डिरेक्टऱ्याही येतात, स्लॅश ई जोडले तर रिकाम्याही. तरी ६.२२ मध्ये लपवलेल्या फायली राहतातच. शिवाय एक्सपीत दिलेले लांब नाव डॉसमधून कॉपी केले की सहा अक्षरे, एक वेलांटीदार खूण आणि आकडा एवढेच उरते. म्हणून लांब नावांच्या फायली एक्सपीतूनच कॉपी कराव्यात. शेवटी दोन्हीकडे ‘डीआयआर स्लॅश एस’ देऊन फायलींची एकूण संख्या आणि बाइट जुळवून पाहावेत.

हा अभ्यासक्रमाचा भाग नाही आणि गुणही मिळणार नाहीत, हे पालकांना आधीच सांगतो. पण आज मुले बोटाने फोल्डर ओढतात आणि हिरवी पट्टी संपली की उठतात. तिथे काय गेले, काय राहिले, हे ती मोजत नाहीत.

माझी विश्वस्तांना विनंती एवढीच आहे. मार्चपर्यंत यंत्र राहू द्या. नववीच्या मुलांनी दोघे-दोघे मिळून डॉसमध्ये एकेक लेख वाचावा, वहीत फाइलचे नाव व लेखकाचे नाव लिहावे, मग एक्सपीतून दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर प्रत घ्यावी. इस्कीचे युनिकोडमध्ये रूपांतर नंतर सावकाश होईल. शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्वतः कक्षात बसेन. ज्या माजी विद्यार्थ्यांचे लेख त्यात असतील, त्यांनीही अवश्य यावे.