‘आंद्रेआ शेनिए’ला नेपथ्य कशाला?

पाश्चात्य ऑपेरा नेपथ्य व वेषभूषा यांवाचून, गायकांनी वाद्यवृंदापुढे नुसते उभे राहून गायिला, की रसिकांतील एक वर्ग नाक मुरडतो. उंबेर्तो जोर्दानोच्या ‘आंद्रेआ शेनिए’विषयी हा आक्षेप अधिकच जोराने घेतला जातो. ऑपेरा फ्रेंच राज्यक्रांतीवरचा, तोही वास्तववादी पंथाचा; त्यात खवळलेला जमाव दिसू नये, वधस्तंभाकडे जाणारा खटारा दिसू नये, मग उरले काय? उरते ते आरोपपत्र, असे आमचे उत्तर आहे.

हा आक्षेप आम्हांस परका नाही. देवळाच्या उत्सवात रात्रभर संगीत नाटक पाहिलेल्यांना ‘सौभद्रा’तील पद मैफलीत पोरके वाटते, आणि ते काही अंशी खरेही आहे. ‘शेनिए’च्या पहिल्या अंकात सरदारवाड्यात नाच चालू असता भुकेले लोक आत येतात, त्यांना घालवून नाच पुन्हा सुरू होतो, तेथे डोळ्यांनाही काम हवे, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु तिसरा अंक घ्या. एकेकाळचा नोकर व आताचा क्रांतीचा पुढारी जेरार हा शेनिएवर आरोपपत्र लिहितो. शेनिए कॉन्स्टँटिनोपलला जन्मला, म्हणून परका. सैन्यात होता, म्हणून फितूर. कवी आहे, म्हणून नीती बिघडविणारा! मनात मात्र शेनिएच्या प्रेयसीचा, मद्दालेनाचा, लोभ. पुढे भर न्यायसभेत तोच जेरार उठून कबूल करतो की आपण लिहिले ते असत्य आहे. त्यावर सरकारी अभियोक्ता फूकिए-तँव्हिल म्हणतो, तर मग हे आरोप माझे, मी ते पुन्हा करतो. लिहिणाराच खोटे म्हणत असता आरोप जिवंत राहतो, तो या एका वाक्यावर. आमचे आयुष्य आरोपपत्रे वाचण्यात चालले आहे. हे वाक्य ऐकून आम्हांस घाम फुटतो. रंगभूमीवर तेव्हा मुठी, टोप्या आणि निशाणे डोळे व्यापून टाकतात. नेपथ्यावाचूनच्या प्रयोगात वृंदगायक काळ्या पोशाखात, हाती वही धरून, शिस्तीने उभे असतात, आणि त्यांच्या तोंडून मृत्यूची मागणी येते. चेहरे सभ्य, मागणी रक्ताची. त्या न्यायसभेचे याहून खरे चित्र कोणता चितारी रंगवील?

लुईजी इल्लिकाने या ऑपेराची संहिता लिहिली व 1896 मध्ये मिलानच्या ‘ला स्काला’त तो प्रथम झाला. शेनिएबरोबर मद्दालेना स्वेच्छेने मरते, ही कवीची भर. ती आम्ही क्षम्य मानतो. न्यायसभेला मात्र भर घालण्याची गरजच नव्हती. 10 जून 1794 च्या कायद्याने आरोपीचा वकील गेला, साक्षीदारांची आवश्यकता गेली, आणि शिक्षा एकच उरली, मृत्यूची. पुढल्या सात आठवड्यांत पॅरिसमध्ये तेराशेंहून अधिक शिरे पडली. खरा शेनिए 25 जुलैला गेला. दोनच दिवसांनी रोबेस्पिएरची सत्ता कोसळली. आपण केवळ हुकूम पाळले, असा बचाव करणारा फूकिए-तँव्हिलही 1795 मध्ये त्याच यंत्राखाली गेला. त्याला निदान बचाव करता आला!

आमचे खरे भांडण आहे ते टाळ्यांशी. ऑपेरातील शेनिए वकिलावाचून स्वतःची बाजू मांडतो, मी सैनिक होतो व लेखणीचाही सैनिक होतो असे सांगतो, आणि त्याचा अखेरचा सूर विरतो न विरतो तोच सभागृह दणाणून जाते. मग वाद्यवृंद थांबतो, गायक झुकून नमस्कार करतो, आरोपी लोपतो. नेपथ्य गेल्याने जी न्यायसभा प्रकट झाली ती रसिकांच्याच हातांनी मोडते, आणि लगेच मागून येणारा जेरारचा कबुलीजबाब गोंगाटात बुडतो. अंक संपेपर्यंत हात मांडीवर ठेवावे, एवढीच आमची मागणी आहे. निकालानंतर वाटेल तितके वाजवावे.