‘व्हार्क’ची प्रश्नावली आणि आमची मुले

वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून ‘व्हार्क’ नावाची प्रश्नावली भरून घेतली जाते. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ही कल्पना. पाहून, ऐकून, वाचून की हाताने करून, तुम्हाला कसे शिकायला आवडते? आवड विचारायला आमची हरकत नाही. पण आवडीप्रमाणे शिकविल्याने विद्यार्थी अधिक शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, असे पॅशलर आदी मानसशास्त्रज्ञांनी २००८ सालीच दाखवून दिले आहे.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला वस्तीतला मुलगा शरीररचनाशास्त्राच्या तासाला गप्प असतो. त्याच्यावर ‘ऐकून शिकणारा’ असा शिक्का मारून काय साधणार? तास इंग्रजीत, आणि शंका विचारायची चोरी. विचारली की ‘कोट्यातला’ हा शब्द कानावर येतो. (शिक्क्यांची आम्हाला तशीही सवय आहे!) ‘एम्स’मधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून इतरांइतके साहाय्य मिळत नसल्याचे २००७ मध्ये नोंदविले. ती आवडीनिवडीची तक्रार नव्हती.

२०१९ पासून एमबीबीएसच्या प्रारंभी फाउंडेशन कोर्स आला, त्यात भाषेचे तास आहेत. ते वर्षभर चालवा. शवविच्छेदनाच्या टेबलाशी प्रत्येकाला पुढे उभे राहू द्या. आणि तोंडी परीक्षेला आडनावाने नव्हे, क्रमांकाने बोलवा.