टायमिंग लावणे : एका क्रियापदाची उपेक्षा

मराठी साहित्यात यंत्र आले ते बहुधा प्रतीक म्हणून. काम म्हणून ते फारसे आलेच नाही, असे आमचे मत आहे. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला, त्यानंतर यंत्रयुग, यांत्रिकता, यंत्राखाली भरडलेला माणूस ही शब्दावली आपल्या समीक्षेत चांगलीच रुळली. पण यंत्र दुरुस्त करणारा माणूस बोलतो कसा, याची विचारपूस आपल्या वर्गांत होत नाही. उदाहरण म्हणून एक साधे काम घेऊ : जुन्या मोटारीचे टायमिंग घरच्या घरी लावणे.

त्यासाठी खंडाळ्यासारखे गाव नाही. हे खंडाळा सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे, लोणावळ्याशेजारचे नव्हे. सपाटीवर निमूट धावणारी प्रीमियर पद्मिनी इथला चढ लागताच आपले दुखणे सांगू लागते. सिलिंडरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण जळायला क्षणाचा अंश का होईना, वेळ लागतो. म्हणून दट्ट्या अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. ती फार लवकर पडली, तर चढावर इंजिन टकटक ठोकू लागते. उशिरा पडली, तर गाडी ओढत नाही, तापते आणि पेट्रोल पिते.

आता कृती. आधी पॉइंट घासून त्यांची फट फिलर गेजने नेमकी करावी. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते आणि ती बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून हा क्रम उलटता येत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, प्लग काढावेत. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरून हँडल हळूहळू फिरवावे. हवेचा दाब अंगठ्याला जाणवला की पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेशी जुळवून थांबावे. बारा व्होल्टच्या बल्बची एक तार डिस्ट्रिब्युटरच्या कॉइलकडील टोकाला व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. चावी चालू करून, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून, तो आधी रोटरच्या दिशेने बल्ब विझेपर्यंत आणि मग उलट दिशेने हलके हलके फिरवावा. बल्ब लागला त्या क्षणी हात थांबवून बोल्ट आवळावा. शेवटची परीक्षा घाटात. पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलचा आहे. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि आता त्यात इथेनॉलही मिसळलेले असते. तेव्हा अखेरचा केसभर फरक कानानेच ठरवावा लागतो.

‘यात साहित्य कुठे आहे?’ असा प्रश्न येईल. आमचे उत्तर असे की, यात भाषा आहे आणि ती आपण ऐकलेली नाही. पॉइंट, रोटर, प्लग ही नामे परकी आहेत खरी. पण क्रियापदे पाहावीत. पॉइंट घासतात, बोल्ट आवळतात, टायमिंग लावतात. तंबोरा लावतात, कवितेचा अर्थ लावतात, ते हेच ‘लावणे’. नामे उसनी घेऊनही वाक्याचा कणा मराठीच राहिला, आणि हे काम कोशकारांनी नव्हे, तर काळ्या हातांच्या माणसांनी केले. ‘टायमिंग’ऐवजी ‘प्रज्वलनकाल’ लिहिल्याने मराठी समृद्ध झाली असे मानणाऱ्यांनी हा शब्द घेऊन एकदा गॅरेजमध्ये उभे राहून पाहावे.

ही फारकत मुळातली नाही. नांगर आणि पंप घडवणाऱ्या किर्लोस्करवाडीतूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याच्या त्या पत्रिकेतूनच पुढे मराठीतले एक मातब्बर मासिक उभे राहिले. सांगली-साताऱ्याच्या या मुलखात लोखंड आणि ललित गद्य एकाच छपराखाली नांदले होते. त्यांची वाटणी आपण नंतर केली.

आता वेळ थोडा आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नव्या मोटारींत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. सैल करायला बोल्टच उरलेला नाही. काम संपले की त्याची क्रियापदेही ओस पडतात. म्हणून आमची सूचना आहे की, मराठीच्या पदवी वर्गांत रसग्रहणाइतकेच गुण एका कृतिलेखनाला द्यावेत. विद्यार्थ्याने जाणत्या कारागिराजवळ बसावे, त्याचे शब्द न बदलता टिपावेत आणि अनोळखी माणसालाही ते काम करता येईल असे दोन पानी गद्य लिहावे. मात्र त्याचे रूपक करू नये. ठिणगी म्हणजे प्रतिभा, घाट म्हणजे आयुष्य, असे म्हणण्याचा मोह आपल्या लोकांना फार लवकर होतो.

अशा गद्याची कसोटीही स्वच्छ आहे. ते वाचून लावलेली गाडी खंबाटकी न ठोकता चढली, तर गद्य उत्तम. नाही तर पुन्हा लिहावे. आपल्या समीक्षेजवळ इतकी निःसंदिग्ध कसोटी दुसरी कोणती आहे?