मुली पाणी उधळत नव्हत्या

कॉम्प्युटरने काढलेला आकडा आणि बाईने सांगितलेला अनुभव समोरासमोर आले की कुणाचं खरं धरलं जातं, हे मी वेगळं सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा आकडा तपासता येतो आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. मी स्वतः बी. ए. मराठी आहे.

नाशिक जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी मुलींचं एक वसतिगृह आहे. चाळीस मुली राहतात. बहुतेकींचे आईवडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत नाही तर कांद्याच्या शेतात राबणारे. मी तिथल्या समितीवर आहे. २०२३ च्या दिवाळीआधी गच्चीवर हजार लिटरचं सोलर बसवलं. त्याआधी एका तरुण इंजिनिअरने कॉम्प्युटरवर सगळा हिशेब करून सुरेख रंगीत अहवाल दिला होता. डिसेंबरातसुद्धा पाणी तापवण्याचा ८५ टक्के भार ऊनच उचलेल, टाकीतली विजेची कॉइल नावापुरती, असं त्यात होतं.

डिसेंबर आला. पहिल्या पंधरा-वीस मुलींच्या अंघोळी झाल्या की पाणी कोमट. कॉइल रोज चालू आणि बिल पाहून खजिनदारांचे डोळे पांढरे! सभा भरली. अहवाल चुकणार नाही, म्हणजे मुलीच पाणी उधळतात, असं ठरलं. इतिवृत्तात तसं वाक्य लिहिलं गेलं आणि दर मुलीमागे महिना दीडशे रुपये ‘गरम पाणी शुल्क’ लावायचा ठराव झाला. दोन मुली रेक्टरबाईंकडे येऊन म्हणाल्या, “आम्ही गार पाण्यानं करू अंघोळ, पण घरी पैशांचं कळवू नका.” आमच्याकडची डिसेंबरातली पहाट ज्यांनी सोसली आहे त्यांना यातलं कळेल. निफाडचा पारा उगाच दरवर्षी पेपरात येत नाही.

मी त्या सभेत होते आणि गप्प बसले. ते अजून टोचतं.

माझी भाची आर्किटेक्ट आहे, इमारतींना किती ऊर्जा लागते याचा हिशेब पुढे शिकली. सुट्टीत आली तेव्हा मी तिच्यासमोर अहवाल ठेवला. ती म्हणाली, “मावशी, प्रोग्रॅम सहसा बरोबरच असतो. त्याला काय सांगितलं ते बघावं लागतं.” या प्रोग्रॅमना एका गावाच्या वर्षभराच्या हवामानाची फाईल द्यायची असते. वर्षाचे ८७६० तास, प्रत्येक तासाचं ऊन, वारा, तापमान. मग तो तासातासाने हिशेब करत जातो, टाकीत किती उष्णता आली, किती गेली. आमच्या इंजिनिअरने वापरलेला एनर्जीप्लस हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा प्रोग्रॅम २००१ पासून फुकट मिळतो. भाचीने तोच लॅपटॉपवर घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतः हिशेब मांडला.

पहिल्याच फेरीत गंमत झाली. तिचा डिसेंबर आषाढापेक्षा वाईट निघाला! मी म्हटलं, “अगं, असं कसं? डिसेंबरात आभाळ स्वच्छ असतं. आषाढात माझं साधं फडकं वाळत नाही.” ती आकडे बघत बसली. मी आपली वाळवणाचं सांगत होते, की थंडीत ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, दक्षिणेच्या कठड्याची सावली गच्चीवर पसरते, म्हणून मी चादर उत्तरेच्या कठड्याशी सरकवते. तिने कपाळावर हात मारला. कॉलेजात ती ट्रान्सिस नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर शिकलेली. त्यात दक्षिण दिशा म्हणजे शून्य अंश. एनर्जीप्लसमध्ये मात्र शून्य म्हणजे उत्तर आणि दक्षिण म्हणजे १८०. तिने सवयीने शून्य टाकलं आणि आमचे पॅनल सूर्याकडे पाठ करून बसले. प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही, कारण पॅनल उत्तरेकडे ठेवणं हा काही त्याच्या लेखी गुन्हा नाही.

मग इंजिनिअरला फोन केला. मुलगा भला, त्याने त्याची मूळ फाईल लगेच पाठवली. हा प्रोग्रॅम काम संपलं की ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ असा शेरा मारतो आणि पुढे किती इशारे निघाले तेही सांगतो. शेरा सगळे वाचतात, इशारे कोण वाचतो? आम्ही वाचले. त्यात साधारण असं लिहिलं होतं, की तुम्ही लिहिलेलं ठिकाण आणि हवामानाच्या फाईलचं ठिकाण वेगळं आहे, मी फाईलमधलं धरतो. ठिकाण आमच्या गावाचं, फाईल मुंबईची! आधीच्या कामातली तशीच राहून गेलेली. टाकीत येणारं पाणीही २७ अंशांवर धरलेलं. रेक्टरबाईंनी पहाटे नळाखाली थर्मामीटर धरला तर १७. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, हे शाळेत शिकलोय आपण. साठ अंशांपर्यंत न्यायचं तर ३३ ऐवजी ४३ लागणार, म्हणजे जवळजवळ तीस टक्के जास्त. हे गणित मी वाण्याच्या बिलामागे केलं.

पण मला खरा राग आला तो वेळापत्रकाचा. फाईलमध्ये गरम पाण्याचा वापर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, सारखा पसरलेला. ऑफिसात हात धुतात तसा. आमच्या मुली साडेसहाची एस. टी. धरतात. पाच ते सव्वासहा एवढ्यात चाळीस अंघोळी उरकतात. म्हणजे दिवसा तापलेलं पाणी अख्खी थंडीची रात्र टाकीत निवत राहतं. कागदावर मात्र ते तापतं तसं वापरलंही जातं, निवायला वेळच नाही. आणि रविवारी केस धुवायचे असतात, लांब केसांना दुप्पट पाणी लागतं, हे फाईलला कुठून कळणार? आठवडाभर रेक्टरबाईंनी वहीत वेळ आणि बादल्या लिहिल्या. एकही मुलगी उधळताना सापडली नाही.

सगळं दुरुस्त करून पुन्हा चालवलं तेव्हा डिसेंबरात उन्हाचा वाटा साठ-पासष्टच्या घरात आला. बिलाशी जुळला.

इंजिनिअरला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण रेक्टरबाईंना कुणी विचारलं नव्हतं. सोलर ठरलं त्या सभेला त्या चहा सांगायला आत आल्या होत्या, तेवढंच. तुमच्यापैकी कितीतरी जणी शाळा, दवाखाना, सोसायटी अशा कुठल्या ना कुठल्या समितीवर असतील. असा अहवाल आला तर टक्केवारीवर भुलू नका. हवामान कुठल्या गावाचं धरलंय, पाणी किती वाजता वापरतात असं धरलंय, हे विचारा, आणि इशाऱ्यांचं पानही मागा. समोरचा हसला तर हसू द्या. आणि डिसेंबर-आषाढ एवढं जरी ताडून पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

आमच्याकडे पाइपांना जाड वेष्टण घातलं, कॉइल पहाटे चारलाच लागेल असं टायमर बसवलं. रविवारचं नहाणं दुपारी करायचं, ही युक्ती मुलींचीच. तेव्हा पाणी कढत असतं आणि केसही उन्हात वाळतात. शुल्काचा ठराव मागे घेतला.

‘मुली पाणी उधळतात’ हे वाक्य मात्र इतिवृत्तात तसंच आहे. अध्यक्ष म्हणतात, जुनं कशाला उकरायचं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी ते तिसऱ्या क्रमांकाला घालून घेतलंय.