ताईत बांधला आणि शाळा सुटली

नववीतली मुलगी होती. अभ्यासात पहिल्या पाचांत. सहामाहीच्या सुमारास ती अचानक गप्प झाली. डबा न उघडता घरी नेऊ लागली. एके सकाळी प्रार्थना चालू असताना थरथरत खाली बसली. छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, एवढंच सांगायची. स्टाफरूममध्ये आमचं निदान दहा मिनिटांत झालं. एक सर म्हणाले, नाटक आहे. एक बाजी म्हणाल्या, "नजर लगी होगी." तिसऱ्यांचं म्हणणं, "नमाज की पाबंदी करे, सब ठीक हो जाएगा." मी वर्गशिक्षक. मी काय केलं? तिच्या अब्बूंना बोलावून सगळं सांगून टाकलं. आठवड्याभरात तिच्या दंडाला ताईत आला. महिन्याभरात तिची शाळा सुटली. पुढच्या वर्षी तिच्या लग्नाचा रुक्का माझ्या नावाने शाळेत आला.

त्या मुलीला नेमकं काय झालं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. कारण आम्ही तिला विचारलंच नव्हतं. तिच्याविषयी सगळे बोललो, तिच्याशी कोणीच नाही.

ही कबुली द्यायचं कारण असं की, मुलांच्या मनाच्या आजाराचा विषय काढला की आपल्या जमातीतले जाणते लोक दोन ठरावीक उत्तरं देतात. पहिलं उत्तर, हे पैसेवाल्यांच्या मुलांचे चोचले आहेत. एन.सी.ई.आर.टी.ने २०२२ साली देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांपैकी ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता वाटते असं सांगितलं. एवढी सगळी मुलं बंगल्यांत राहतात काय? ज्या घरात एकाच खोलीत सहा माणसं झोपतात, मधोमध यंत्रमाग किंवा शिलाई मशीन खडखडत असते आणि दहावी नापास झाल्यास उद्या गॅरेजमध्ये जायचं हे ठरलेलं असतं, त्या घरातल्या मुलाला निकालाची धास्ती जास्त असणार की कमी?

दुसरं उत्तर अधिक घातक, कारण ते धर्माचा आधार घेऊन येतं. मन खचलं म्हणजे ईमान कमजोर! मग हजरत याकूब (अ.स.) यांचं काय? मुलाच्या दुःखात त्यांचे डोळे पांढरे पडले, असं कुरआन सांगतं. त्यांचं ईमान कमजोर होतं असं म्हणण्याची कोणाची हिंमत आहे? हजरत खदीजा (रजि.) आणि अबू तालिब गेले, त्या वर्षाला आपल्याच इतिहासाने 'आमुल हुज्न', दुःखाचं वर्ष, असं नाव दिलं. अबू जैद अल-बल्खी हे इ.स. ९३४ मध्ये वारले. त्यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. राग, भीती, दुःख आणि वस्वसा या मनाच्या त्रासांचा वेगवेगळा विचार करून त्यांवरचे उपाय सांगितले. हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुसलमानाला जे कळत होतं, ते आमच्या स्टाफरूमला कळू नये?

आता आपल्यातल्या सुधारकांविषयीही एक शब्द. त्यांना वाटतं, सगळा दोष दर्ग्यांचा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. तो कलंक पुसणारा नाही. पण गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' हा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि आजारी माणसाला तिथल्याच मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. म्हणजे मुजावर शिकले. आपले मुख्याध्यापक आणि विश्वस्त कधी शिकणार?

कारण माझं भांडण खरं त्यांच्याशी आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शिक्षकांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. विश्वस्त म्हणतात, सरकार पद मंजूर करत नाही, पगार कुठून देऊ? सरकारशी भांडायलाच हवं, मीही येतो. पण प्रवेशद्वाराच्या कमानीला सरकारने पैसे दिले होते? स्नेहसंमेलनाच्या मंडपाला? जकातीचं काय ते उलेमांना विचारा. लिल्लाह देणगीवर तर कोणाची हरकत नाही ना? तीन-चार शाळांनी मिळून एक बाई नेमली, आठवड्यातून दीड-दोन दिवस प्रत्येक शाळेत, तरी सुरुवात होते.

आणि आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक ओझं आहे, त्याविषयी आपण घरातसुद्धा हळू आवाजात बोलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या खुब्बापूर गावात शिक्षिकेने एका मुस्लिम मुलाला वर्गातल्या इतर मुलांकडून थपडा मारायला लावल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलाचं आणि थपडा मारणाऱ्या मुलांचंही समुपदेशन करायला सांगितलं. ते कसं करावं हे सुचवण्याचं काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे दिलं. मारणाऱ्या हातालाही उपचार लागतो, हे न्यायालयाला कळलं. 'पाकिस्तानी' ही हाक ऐकून घरी येणाऱ्या पोराला आपण काय सांगतो? "छोड, ध्यान मत दे." तो ध्यान देतो. फक्त आपल्याला सांगणं बंद करतो.

समुपदेशक नेमला म्हणजे झालं असंही नाही. त्याला दार बंद होणारी खोली हवी. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, कपाटाआड बसवलेल्या बाईंपुढे कोण तोंड उघडेल? मूल घरी दखनी बोलत असेल तर तिला दखनी कळायला हवी. आणि मुख्य म्हणजे गुप्तता. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावंच लागेल, पण एरवी ऐकलेलं तिथेच राहिलं पाहिजे. आपल्या मुलींना पक्कं ठाऊक असतं की, तोंड उघडलं की शाळा बंद आणि स्थळं सुरू. मी तेच घडवलं.

आमच्या संस्थेच्या सभेत हा विषय मी दोनदा मांडला. एकदा कोरम नव्हता, एकदा वेळ संपली. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत, चोवीस तासांचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवू द्या, एवढी मागणी केली, तर अध्यक्षसाहेब म्हणाले, "लोग क्या समझेंगे, हमारे बच्चे पागल हैं?" मार्चमध्ये पुन्हा सभा आहे. या वेळी रंगाचा डबा आणि ब्रश मी घरूनच नेणार आहे.